न्हाणीची कडी काढली तेव्हा

सासूबाईंनी न्हाणीची आतली कडी एके दिवशी उपटूनच टाकली. गंजली होती म्हणे. कसली गंजली, रोज मीच लावत होते ना! सातवा महिना लागलेला, त्यात ही पाळत. माझं डोकंच फिरलं.

मला लहानपणापासून आकडी येते. लग्न जमवताना माहेरच्यांनी ते दाबून टाकलं. दर महिन्याला मी आईला भेटायच्या निमित्ताने माहेरी, इथे गुजरातेतच कडोदऱ्याला जायचे आणि गोळ्या आणून तांदळाच्या डब्यात लपवायचे. पोट दिसायला लागलं तसं सासूबाईंनी जाणंच बंद केलं, रिक्षात धक्के बसतात म्हणून. आईला बोलवावं तर तिचे गुडघे गेलेले. गोळ्या संपत आल्या होत्या. त्या चुकल्या की आकडी येणार, मग माझं आणि बाळाचं काय? आणि नवऱ्याला कळलं तर?

सासूबाई मला गॅसजवळ फिरकू देईनात. साडीला टिकल्या चिकटवत बस म्हणायच्या, आणि समोर बसून टक लावून बघायच्या. म्हातारीला वास लागलाय, आता पुरावा शोधतेय, अशी माझी खात्रीच झाली.

एका सकाळी म्हणाल्या, दवाखान्यात चल. माझ्या तपासणीची तर तारीख नव्हती. रिक्षात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी पळून जाऊ नये म्हणून, दुसरं काय!

सरकारी दवाखान्यात त्या बाळंतपणाच्या विभागाकडे वळल्याच नाहीत. मला थेट मेंदूच्या डॉक्टरांपुढे बसवलं आणि मोडक्या गुजरातीत सांगून टाकलं, सुनेला फिट येते, गोळ्या संपत आल्यात. डॉक्टर माझ्यावर चिडले. पोटुशी असताना इथे यायचं सोडून गोळ्या लपवत बसलीस? मनाने एकही गोळी बंद करायची नाही, म्हणाले. त्यांनी डोस बदलून दिला आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही कळवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? लग्नानंतर लगेच, दुपारच्या झोपेत तुला आली होती, म्हणाल्या. मीच कुशीवर वळवलं. तांदळाच्या डब्यातल्या गोळ्याही मोजत होते. मला रडूच फुटलं. त्यांनी ते थांबू दिलं, मग हळूच म्हणाल्या, "मना पोऱ्याले सांगू नको. मी जनम दिधा त्याले, तो कसा शे माले माहीत शे."

लेक आता चालायला लागलीय. सासूबाई रोज माझ्या हातावर गोळी ठेवतात. कसली, असं नवऱ्याने विचारलं की ताकदीची, म्हणतो आम्ही. तो हसतो. मी सासूबाईंकडे बघते. त्या हसत नाहीत.