पेचकसनं ऐकलेली नाडी

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये मी बावीस वर्षं फिटर आहे आणि माझ्याइतका तयार कान तिथं दुसऱ्या कोणाचा नाही. फुशारकी म्हणा, हव, आहेच. बेअरिंग कुरकुरून राहिलं की लांब पेचकसचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक त्याच्यावर टेकवतो, मूठ कानाले लावतो आणि सांगतो, दोन दिवस चालेल की दोन तास. बायको म्हणते, साऱ्या मशिनींचं ऐकता, माझं तेवढं ऐकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात लोखंडाची एक धारदार पट्टी उडाली आणि उजव्या तळहातात, करंगळीच्या खाली घुसली. रक्ताची चिळकांडीच उडाली. मिलच्या दवाखान्यात दाबून धरलं, टाके घातले. वरून जखम छान भरली, पण खाली सुपारीएवढी गाठ आली, मग लिंबाएवढी झाली. भर मे महिन्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गार पडून राहायचं. पाना हातातून सुटायचा. उजव्या हातातून पाना सुटला तर तो फिटर कशाचा?

बायकोनं निदान करून टाकलं, गळू आहे. आमच्याकडे गळवावर भाजलेला कांदा बांधतात, म्हणजे ते पिकतं आणि फुटतं. आठ दिवस तिनं कांदे भाजले आणि आठ दिवस मी कांद्याचा वास घेऊन मिलमध्ये हिंडलो. गळू काही पिकेना. शेवटी तिनंच ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आणि तिथं जाऊन बसली. मी सकाळची पाळी करून थेट तिथं पोचलो, अवजारांची थैली खांद्यावरच होती.

डॉक्टर म्हणाले, पू झाला आहे, चीर देतो. ब्लेड बाहेर निघालं. तेवढ्यात माझा डावा अंगठा गाठीवर गेला, आणि गाठ ठोक्याठोक्याले अंगठा वर उचलून राहिली होती. ठणका मले माहीत आहे, हा ठणका नव्हता.

मी त्यांना थांबवलं. थैलीतून पेचकस काढला, टोक गाठीवर अलगद टेकवलं, मूठ कानाले लावली. आत घुस-घुस, घुस-घुस, पाइपातून दाबानं पाणी जावं तसं. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर हसले.

"पू असा चालत नाही," मी म्हटलं. "ही चालू लाइन आहे. तुमच्या नळीनं ऐका, मग कापा."

त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचं हसू गेलं. ब्लेड त्यांनी ट्रेमध्ये परत ठेवलं.

"भैया, इसको कोई हाथ मत लगाना. ये खून की नली है."

आत रक्ताची धमनी फाटली होती आणि तिच्या बाहेर रक्ताची पिशवी तयार झाली होती. चीर दिली असती तर तिथंच कारंजं उडालं असतं.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जन बाईंनी मले मूठ आवळायले लावली, मनगट दोन्ही बाजूंनी दाबलं आणि मूठ उघडायले सांगितली. तळहात पांढराफटक. मग करंगळीकडची बाजू सोडली, तरी ती दोन बोटं पांढरीच. पिशवीतल्या गुठळ्या पुढं जाऊन अडकल्या होत्या. बोटं जाऊ शकतात, असं त्या म्हणाल्या. इतका मी जन्मात भ्यालो नव्हतो.

त्यांनी फाटलेला तुकडा काढला, गुठळ्या काढल्या आणि माझ्याच हाताची एक शीर तिथं जोडली. दीड महिन्यानं पुन्हा तीच परीक्षा झाली. मनगटाची करंगळीकडची बाजू सोडली आणि लाली सरसर चढत गेली, पार करंगळीच्या नखापर्यंत. मी दवाखान्यात सगळ्यांसमोर टाळी वाजवली, दोन्ही हातांनी. लाज कसली?

मिलमध्ये पहिल्याच दिवशी मी सगळ्यात मोठा पाना मागून घेतला आणि एक अडलेला बोल्ट सोडवला. पाना सुटला नाही.

संध्याकाळी चहा पिऊन राहिलो होतो, तर बायकोनं थैलीतून पेचकस काढला. टोक पदरानं पुसून माझ्या व्रणावर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाले लावली.

"काय ऐकू येऊन राहिलं?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि आणखी बराच वेळ ऐकत बसली.