सोनाक्काची भोगी

सोनाक्का रोज सकाळी शाळेच्या फाटकात उभी राहायची आणि येणाऱ्या पोरांना विचारायची, "रानात काय आलंय रं?" कुणी पिशवीतून मूठभर पावटा काढायचा, कुणी मेथी, कुणी दोन गाजरं. आटपाडीजवळच्या आमच्या शाळेतलं दुपारचं जेवण त्यावर ठरायचं. ती स्वयंपाकीण, मी मुख्याध्यापक.

"लांबनं आल्याली भाजी दमल्याली आसती, गुरुजी. ती पोरास्नी काय ताकद देणार?" असं ती म्हणायची.

एका भोगीला साहेब तपासणीला येणार होते. मी सांगलीहून ढोबळी मिरची आणि गोठवलेल्या मक्याच्या पिशव्या आणल्या. सोनाक्कानं एक पिशवी दाबून पाहिली.

"ह्ये कुठलं पाव्हणं? आज भोगी हाय. हरभरा, पावटा, वांगी, गाजरं, समदं रानात उभं हाय."

"साहेब येणार आहेत, आक्का."

"मग साहेब बाजरीची भाकरी खाईत न्हाईत व्हय?"

"सांगितलं तेवढं करा. नाहीतर कामावरून काढीन."

"काढा की! भोगी ह्याच मातीतली हुईल."

तिनं तशीच केली. तीळ लावलेल्या भाकरी आणि भोगीची भाजी. पोरांनी पातेलं पुसून खाल्लं. साहेब आलेच नाहीत. तरीही मी तिला काढलं. सगळ्यांदेखत माझा शब्द मोडला, एवढंच कारण होतं. तिच्या घरात तेवढीच एक मिळकत होती, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या भोगीला तिनं फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली तीन दगड मांडले. सुट्टीची घंटा झाली आणि पोरं ताटल्या घेऊन माझ्यासमोरून तिकडे गेली. मी ओरडलो. एकही थांबलं नाही.

"गुरुजी, रस्ता गावाचा हाय," ती पळी हलवत म्हणाली. "हितनं कशी काढशीला?"

शेवटी मीही ताटली घेऊन गेलो. "चुकलं माझं, आक्का. परत कामावर या."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या रानात काय आलंय, ते सांगा."

ताटली सोडली तर माझे हात रिकामे होते. तिनं तरीही वाढलं. शाळेत मात्र ती परत आली नाही.

गेल्या श्रावणात सोनाक्का गेली. यंदा वरून ठरलेल्या जेवणाची यादी आली, तीत पुन्हा तोच मका आहे. यादी खणात आहे. मला कामावरून काढायचं तर काढा. मी सकाळी फाटकात उभा असतो आणि पोरांना विचारतो, "रानात काय आलंय रं?"