उजव्या खुर्चीतले साडभाऊ

"बसवलं! माह्या जावयाले क्लीनरच्या जागेवर बसवलं त्या लेकाच्यांनी!"

पांढरकवड्याच्या ट्रक अड्ड्यावर आमचे सासरे एका हातात पोस्टकार्ड आणि दुसऱ्या हातात टायर उघडायची पहार घेऊन ओरडत होते. हैदराबादकडे निघालेले दोन ट्रक त्या आवाजानेच थांबले आणि तिसरा मुकाट्याने वळून पुन्हा नागपूरच्या रस्त्याला लागला. यवतमाळहून मी नुकताच येऊन पोचलो होतो. मला पाहताच त्यांनी कार्ड माझ्या नाकाशी धरलं. "वाचा मास्तर! मोठ्यानं वाचा, साऱ्यायले आयकू द्या!"

मी वाचलं. "मामाजींस साष्टांग नमस्कार. परीक्षा झाली. उद्यापासून कंपनी मला डाव्या खुर्चीत बसवणार आहे. काळजी नसावी."

कोणी मेल्यासारख्या अड्ड्यावरच्या दोघा-तिघांनी टोप्या काढल्या. तिथे कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि डावीकडे बसतो तो क्लीनर, हे तिथल्या बकऱ्यांनाही ठाऊक होतं. सासऱ्यांचे स्वतःचे चार ट्रक होते. माणसाची किंमत ते त्याच्या बसायच्या जागेवरून करत.

कार्ड होतं आमच्या मोठ्या साडभाऊंचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. देवाने हा माणूस जमिनीवर राहण्यासाठी घडवलाच नव्हता, आणि आभाळात त्याला कोणी नीट जागा देत नव्हतं. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. नागपूरच्या एका लहानशा कंपनीत ते आठ वर्षं डाकोटा विमान उडवत होते. कंपनीची विमानं तीन. त्यातलं एक कायम दुरुस्तीला, दुसरं त्याच्यासाठी सामान आणायला गेलेलं, आणि तिसऱ्यात आमचे साडभाऊ. लग्न ठरवताना सासऱ्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता. "बसता कोन्या बाजूले?" साडभाऊ म्हणाले, "उजव्या." सासरे उठून उभे राहिले. "झालं! काढा मुहूर्त!"

विमान उडवण्याआधी कसलीशी लांबलचक यादी वाचून प्रत्येक कळ तपासायची असते म्हणे. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की दिवाळीला पंगतीत बसले तरी घास उचलण्याआधी ते पुटपुटायचे, "मीठ? चटणी? तूप?" आणि कोणी "आहे, आहे, आहे" असं उत्तर दिल्याखेरीज हात हलवायचे नाहीत. अख्खी पंगत भात निववत बसायची. शेवटी सासूबाईच वाढता वाढता उत्तरं द्यायला शिकल्या. एस. टी. त चढण्याआधी ते गाडीभोवती पूर्ण फेरी मारत. एकदा वणीच्या ड्रायव्हरने विचारलं, "काय पाहून राह्यले भाऊ? घ्याची हाये का गाडी?" वर्षंही ते उडालेल्या तासांत मोजत; लग्नाला किती झाली असं विचारलं तर उत्तर यायचं, "साडेचार हजार तास." त्यातले अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वाट्याला किती आले, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांच्या पगाराचं गणित तर खुद्द इंद्राच्या हाती होतं. मूळ पगार बेताचा, बाकी सगळा भत्ता उडालेल्या तासांवर. आभाळ भरून आलं की विमानं बसून राहायची आणि भत्ता आटायचा. त्यामुळे मृगात पांढरकवड्याचा सारा केळापूर तालुका ढगांकडे हात जोडून उभा असताना हा एकटा माणूस मनातल्या मनात लख्ख उन्हाची प्रार्थना करत असे. "बोलू नका कुठं," ते मला कानात सांगायचे, "कापूसवाले मले जित्ता गाडतीन."

आणि ती दुसरी यादी! खिशात घडी घालून ठेवलेली, ज्येष्ठतेची. कंपनीत वरचा कोणी निवृत्त झाला, आजारी पडला किंवा मोठ्या कंपनीत गेला की खालचे एकेक पायरी चढत. त्यामुळे वरच्या साऱ्यांच्या तब्येती साडभाऊंना त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक. पण माणूस असा, की यादीत लगेच वर असलेल्याला कावीळ झाली तेव्हा हेच रोज सायकलवरून त्याला उसाचा रस पोचवत राहिले. मी म्हटलं, "अहो, तो पडला असता तर तुमचा नंबर लागला असता!" ते ओशाळले. "तेच तर. मनात आलं होतं माह्या. म्हणून तर रस नेला."

नंबर लागल्यावरही एक परीक्षा होती. परीक्षक वर गेल्यावर मुद्दाम एक इंजिन बंद करतो आणि मग विमान सांभाळून दाखवायचं. पहिल्या खेपेला साडभाऊंनी कळा तपासायची यादी इतक्या सावकाश वाचली, की परीक्षकानेच घाबरून इंजिन चालू केलं. दुसऱ्या खेपेला इतकी घाई केली, की यादीच खाली जमिनीवर राहिली. तिसरी खेप शेवटची. जाताना मला म्हणाले होते, "या खेपेले नाई जमलं तर विमान सोडतो, मास्तर. मामाजीच्या ट्रकवर येतो." हे बोलताना ते एरवीसारखं वर आभाळाकडे पाहत नव्हते. त्यांना वर न पाहता बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि आता हे कार्ड. मी भूगोल शिकवतो. विमानातल्या खुर्च्या भूगोलात येत नाहीत. माझाही जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कापसाच्या गाठींच्या ट्रकवर बसून आम्ही दोघे नागपूरला निघालो. विमानतळावर कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर सासरे पटका सावरत उभे राहिले. "साहेब, माह्या जावयाचा गुन्हा काय?"

"गुन्हा? कसला गुन्हा?"

"मंग डाव्या बाजूले काहून बसवलं त्याईले?"

साहेब आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. "अहो, विमानात कॅप्टन डावीकडेच बसतो! उजवीकडे त्याच्या हाताखालचा. तुमचे जावई पास झाले. कॅप्टन झाले. पगार जवळजवळ दुप्पट!"

माझ्या छातीवरून तर गाठींचा भरला ट्रक उतरला. सामान तोलायच्या काट्यावर मी बसकण मारली, आणि काट्याने मला माझ्या खऱ्या वजनापेक्षा दहा शेर हलकं दाखवलं. सासऱ्यांचा चेहरा आधी फुलला, मग हळूहळू काळवंडला.

"म्हंजे आठ वर्सं..."

"आठ वर्षं ते दुय्यम होते."

"आठ वर्सं माहा जावई क्लीनर होता? आन् मी साऱ्या पांढरकवड्यात..."

दुपारी हैदराबादचं विमान उतरलं. साडभाऊ शिडीवरून खाली आले, सासऱ्यांना पाहून थबकले आणि तिथेच वाकून पाया पडले. सासऱ्यांनी विचारलं, "सांगतलं काहून नाई, जावईबापू?"

"तुमी पोरगी परत नेली असती."

सासऱ्यांनी वर विमानाच्या डाव्या काचेकडे एकदा पाहून घेतलं. मग जावयाच्या कोटावरची धूळ त्यांनी पटक्याच्या टोकाने पुसली. तिथे धूळ नव्हतीच.

संध्याकाळी त्यांच्या नागपूरच्या घरी अक्कांनी केलेला चहा पीत आम्ही दोघे साडभाऊ ओसरीवर बसलो होतो. आत सासरे लेकीला डाव्या बाजूचं महत्त्व पटवून देत होते, जणू विमानाचा शोध त्यांनीच लावला होता. मी हळूच विचारलं, "भाऊसाहेब, आठ वर्षं जिच्याकडे शेजारून नुसतं पाहत होतात, त्या खुर्चीत बसलात एकदाचे. कसं वाटलं?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"परततानी त्या बाजूनं ऊन लागते," ते म्हणाले.