एका हातात मावलेली वर्षं

मलकापूरच्या एस.टी. स्टँडवर ती उकडलेल्या शेंगा विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. माप भरलं की वर एक मूठ टाकायची. नको म्हटलं तर खेकसायची.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. मुली शाळा का सोडतात, यावर मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होते. पूर्ण फेलोशिप होती. पाहणीसाठी या शेंगावालीचा फॉर्म भरून घेताना मला शिकण्याचेच पैसे मिळतात, हे तिला कळलं.

"शिकायचा पगार? मग ही नोकरी माझ्या पोरीला बी लावा की!"

पोरगी शेजारीच शेंगा निवडत होती. सातवीनंतर तिची शाळा बंद केलेली.

"नोकरी नव्हे, मावशी. आधी एम.एड. व्हावं लागतं," मी शहाणपणानं म्हणाले. "अजून दहा वर्षं शिकावं लागेल."

वाटलं, आता विषय संपला. तिनं मात्र आठवी, नववी म्हणत अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. बारातली दोन उरली.

"एका हातात बसत्यात की!"

जूनमध्ये गेले, तेव्हा ती एकटीच होती.

"पोरगी कुठंय?"

माप खाली ठेवून तिनं अंगठा पहिल्या पेरावर टेकवला.