उंबरठ्याच्या आतले संशोधन

निर्मलाताई गजघाटे यांची माझी पहिली भेट रायपूरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये झाली. पतीची बदली नवा रायपूरच्या एका कार्यालयात झाल्यामुळे मी वर्ध्याहून इकडे आले होते आणि व्याख्याती म्हणून तो माझा पहिलाच दिवस होता. खिडकीजवळ बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, गाव विचारले आणि म्हणाल्या, "वर्ध्याची ना तू? मग माझ्यासंग मराठीतच बोलत जा. बहीण गेली, तेव्हापासून गप्पा मारायले कोणी नाही. घरी बाबा आहेत, पण ते मोजकंच बोलतात."

पहिल्याच भेटीत त्यांनी आपले दुःख असे सहज सांगितले, याचे मला नवल वाटले होते. पुढे कळले की त्या दुःखावरच त्यांचे संशोधन चालू होते. वयाची चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून, ताई आरोग्यसेवा संशोधनात पीएच.डी. करत होत्या. आज त्यांची साठ वर्षे पूर्ण होत असताना या गौरवग्रंथात त्यांच्या कामाविषयी लिहायचे, तर त्या पदवीची हकीकत सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगते.

ताईंचे वडील भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या नोकरीमुळे ते रायपूरला आले आणि तात्यापाऱ्यात स्थायिक झाले. धाकटी मुलगी रेखा हिला लहानपणापासून सिकलसेल होता. छत्तीसगडमध्ये लोक त्याला सिकलिन म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हाडे आणि सांधे असह्य दुखतात, वरचेवर रक्त चढवावे लागते. रेखाताईंचे लग्न दुर्गला झाले. तिथेच एकदा दुखणे विकोपाला गेले. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशा फेऱ्या झाल्या. रक्त मिळाले तेव्हा फार उशीर झाला होता. निर्मलाताई स्वतः परिचारिका. त्या शेवटच्या दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा बहीण गेलेली होती.

त्यानंतर काही महिन्यांतच ताईंनी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. सिकलसेलच्या रुग्णाला पहिली कळ आल्यापासून निदान आणि औषध मिळेपर्यंत कोणकोणत्या दारांतून जावे लागते आणि कोणते दार त्याच्यासाठी बंद असते, हा त्यांचा विषय. दोष दवाखान्यांचा आहे, अशी त्यांची खात्री होती. ती त्यांना सिद्ध करायची होती.

एका रविवारी त्यांच्यासोबत मीही गेले. गरियाबंदच्या वाटेवरचे एक गाव होते. एका घरी तरुण मुलीला हा आजार असल्याचे आरोग्य केंद्राकडून कळले होते. ताई मुलीच्या आईला समजावून विचारत होत्या: केंद्र किती लांब आहे? डॉक्टर भेटतात का? गोळ्या मिळतात का? प्रत्येक प्रश्नाला ती बाई मान हलवून "हव, दीदी" म्हणत होती. केंद्र जवळ होते, डॉक्टर भेटत होते, गोळ्या मिळत होत्या. तरी मुलगी आत कण्हत पडली होती.

शेवटी ताईंनी विचारले, "मग ती गोळ्या घेत का नाही?"

बाईने दाराकडे पाहिले आणि आवाज अगदी खाली आणला. "नोनी के बिहाव नइ होही, दीदी."

मुलीचे लग्न होणार नाही. शेजारणीने गोळ्या पाहिल्या तर गावभर होईल, म्हणून त्या घरात आणल्याच जात नव्हत्या.

ताईंनी प्रश्नावली मिटून पिशवीत ठेवली. परतीच्या बससाठी आम्ही झाडाखाली उभ्या होतो. त्या म्हणाल्या, "रेखा पण सासरी गोळ्या लपवे. कधी पिठाच्या डब्यात, कधी पेटीत. कोणी आसपास असलं की खायचीच नाही. आणि मीच तिले सांगितलं होतं, सध्या सासरच्यांना काही बोलू नको म्हणून. मी दवाखान्याची दारं मोजून राहिली, अन् पहिलं दार तर घरातलंच होतं."

त्यांनी सोमवारी मार्गदर्शकांना गाठले आणि प्रश्नावली पुन्हा मांडायची आहे असे सांगितले. प्रबंध जवळजवळ पूर्ण होत आला होता. मार्गदर्शकांनी समजावले की आहे त्यावर पदवी मिळेल, हे पुढे वेगळे करता येईल. ताईंनी ऐकले नाही. त्या पुन्हा गावोगावी गेल्या, आधी भेटलेल्या माणसांना पुन्हा भेटल्या. सुट्ट्या संपल्या, पदोन्नतीची संधी हुकली, कॉलेजात लोक हसू लागले. दवाखान्यांतल्या उणिवा त्यांनी कुठेही सौम्य केल्या नाहीत. पण त्याआधी घराच्या उंबरठ्याच्या आत उपचार कसा अडतो, यावर त्यांनी एक संपूर्ण नवे प्रकरण लिहायला घेतले.

त्या प्रकरणात रेखाताईंची हकीकत यावी असे त्यांना वाटत होते. परवानगीवाचून कोणाचे दुःख लिहायचे नाही, हा संशोधनाचा नियम आपल्या वडिलांनाही लागू आहे, असे त्यांचे म्हणणे. बाबांची परवानगी त्यांनी मागितली, त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. बाबांपुढे पाण्याचा तांब्या ठेवून ताईंनी सगळे नीट सांगितले.

बाबांचा घास हातातच राहिला. "मेलेल्या पोरीचा तमाशा करून राहिली तू? नात्यात पोरी लग्नाच्या झाल्या आहेत. काहून लिहितं हे?"

"दुसऱ्या कोणाच्या पोरीनं गोळ्या लपवू नये म्हणून, बाबा."

"नाही म्हणजे नाही," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

ताईंनी त्यांचा नकार पाळला. प्रबंधात रेखाताईंविषयी एक ओळही नाही. मात्र सुरुवातीलाच ताईंनी स्वतःविषयी लिहिले: संशोधिका स्वतः परिचारिका असून तिने एका रुग्णाला आजार लपवण्याचा सल्ला दिला होता, आणि त्या रुग्णाचा पुढे मृत्यू झाला. नाव नाही, नाते नाही. तरी समाजात बातमी जायची ती गेलीच. कोणीतरी बुद्धविहारात बाबांना विचारले. त्या दिवसापासून एका छपराखाली राहून बाबांनी ताईंशी बोलणे सोडले.

मौखिक परीक्षेला मी मागच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडले. "आप इस विषय में तटस्थ कैसे रह सकती हैं?" त्यांनी विचारले.

"नहीं रह सकती, सर," ताई म्हणाल्या. "म्हणूनच..." मध्येच त्यांच्या तोंडी मराठी आली. मग सावरून त्यांनी हिंदीत सांगितले की आपण दवाखान्यांना दोषी ठरवण्यासाठी निघालो होतो, आणि लोकांनी आपल्याला आपल्याच घरी आणून सोडले. जे सिद्ध करायचे होते ते अर्धेच निघाले, बाकीचे आपल्या विरोधात निघाले, आणि दोन्ही लिहिले आहे.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. पदवी जाहीर झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनी सर्वांना नमस्कार केला आणि त्या लगेच निघाल्या, कारण बाबांच्या जेवणाची वेळ झाली होती.

पुढे मी त्यांचीच पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी झाले. त्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. माझ्या मसुद्यात 'रुग्णांच्या अज्ञानामुळे' असे शब्द आले होते. त्यांनी मला बोलावून विचारले, "ही बाई अज्ञानी कशी? लग्न मोडलं तर पोरीचं काय होते, हे तुह्यापेक्षा तिले जास्त माहीत आहे. भीती लिही. अज्ञान लिहू नको." माझे सासरे आजारी पडले तेव्हा मात्र याच कडक बाई रोज संध्याकाळी तेलीबांध्याला आमच्या घरी येत, त्यांच्या पाठीवरच्या जखमांचे ड्रेसिंग करत आणि चहाही न घेता परत जात.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात ताईंनी त्यांचे सगळे अंथरुणातच केले. बाबा त्यांच्या हातून पाणी घेत, औषध घेत, पण शब्द नाही. एका दुपारी ताई त्यांचे पाय चेपत असताना ते एकदम म्हणाले, "रेखाले लय दुखे काय वो?"

"हो, बाबा. लय दुखे."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. त्याच आठवड्यात ते गेले. ताईंनी हे मला सांगितले तेव्हा त्यांना रडू आले नव्हते. "इतक्या वर्षांनी विचारलं," एवढेच त्या म्हणाल्या.

ताईंच्या प्रबंधाने फार काही बदलले, असे मी लिहिले तर त्याच मला रागावतील. काही केंद्रांत आता समुपदेशनासाठी वेगळी खोली आहे, आणि गोळ्या साध्या पाकिटात देतात. काही ठिकाणी ते सुरू होऊन बंदही पडले. गोळ्या लपवणाऱ्या मुली अजून आहेत. ताई अजूनही त्यांच्या घरी जातात. गुडघे दुखतात, एका डोळ्याने अंधूक दिसते, तरी जातात.

या गौरवग्रंथासाठी आम्ही त्यांची संमती मागायला गेलो, तेव्हा त्यांनी हात जोडले. "साठ वर्षं जगली, यात माझं काय कौतुक? धाकटीच्या वाट्याले याच्या निम्म्याहून थोडं जास्त आलं. मले तर लाज वाटते." हा ग्रंथ त्यांची पूर्ण संमती नसताना निघतो आहे, हेही इथे नोंदवते.

तेव्हा त्यांना द्यायला जे उत्तर सुचले नाही ते आज लिहिते. ताई, तुमच्या वर्गातून बाहेर पडलेल्या आम्ही सगळ्या आज वेगवेगळ्या दवाखान्यांत आहोत, आणि एखादी आई आवाज खाली आणून बोलू लागली की आम्ही थांबून ऐकतो. ते आम्हाला तुम्ही शिकवलेत. अजून पुष्कळ शिकायचे राहिले आहे. तुमचे गुडघे बरे राहोत, डोळ्यांना दिसत राहो, आणि तुम्हाला खूप मोठे आयुष्य लाभो. त्यातल्या एकाही वर्षाबद्दल कोणाची माफी मागू नका.