लग्नाची आडवी साक्षीदार

स्तामेंका तशी टुणटुणीत बाई, फक्त अधूनमधून पडायची. कान टोचताना पडली, शाळेत झेंड्यापुढे ताटकळताना पडली. नवऱ्याचं बोट कापलं तेव्हा तो राहिला बाजूला, हीच गार! गावाचं निदान ठरलेलं: वारा लागला. आमच्याकडे दाढदुखीपासून घटस्फोटापर्यंत सगळं समोरासमोरच्या खिडक्यांतल्या वाऱ्यानेच होतं. मग खिडक्या घट्ट लावायच्या, तिला खुर्चीत ताठ बसवायचं, तोंडात राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, ओतायची. ती पुन्हा गार.

शेजारच्या नेवेनाने तिला स्वतःच्या लग्नात कुमा, म्हणजे साक्षीदार, व्हायला सांगितलं. हा मान नाकारला तर शाप लागतो. पण पेटती मेणबत्ती धरून विधीभर उभं राहायचं, आणि ती विझली तर पोरीला अपशकुन!  स्तामेंकाने डॉक्टर बिसेर्का गाठली.

बिसेर्काने हृदय तपासलं. ते ठणठणीत होतं.

"वारा कसला, काकू! एक मज्जातंतू आहे. उकाडा, रक्त, ताटकळणं, काही झालं की तो बावचळतो. हृदयाला म्हणतो सावकाश, पायांच्या रक्तवाहिन्या सोडतो ढिल्या. रक्त उतरतं खाली, डोकं राहतं उपाशी."

"म्हणजे मी मरते की काय?"

"मरताय कसल्या! आडव्या झालात की रक्त येतं परत. तुम्हाला बसवतात तेच चुकतं. पाणी प्या, मांड्या आवळून धरा. तरी अंधारी आली, तर आपणहून आडव्या व्हा. पाय वर."

लग्न भर उन्हाळ्यात. स्तामेंकाच्या काळजीपोटी चर्चच्या सगळ्या खिडक्या बंद, वर धुपाचा धूर. तिने मांड्या आवळल्या. कान तरीही घूं घूं करू लागले. तेव्हा ती सावकाश गालिच्यावर आडवी झाली, पाय पायरीवर टेकवले आणि पेटती मेणबत्ती छातीवर दोन्ही हातांनी सरळ धरली.

आमच्यात मरणाऱ्याच्या हातात मेणबत्ती देतात. नवरीच्या मिलुंका आत्याने हंबरडा फोडला, "गेली गं माझी बाई!"

"कुठे जातेय? गप्प बस! बाबा, तुम्ही वाचा पुढे," स्तामेंका आडवी पडूनच म्हणाली.

पाद्रीबाबा दाढीत हसले आणि पुढे वाचू लागले. आजवर अशा वेळी स्तामेंकाचं सगळं बघायचं राहून जायचं. आज लग्नविधीचा मुकुट डोक्यावर चढताना हसून हसून रडणारी नेवेना तिने खालून डोळे भरून पाहिली.