त्या दुपारी फिटर खंय होतो?

कुणाच्या जुन्या गाडीत नवा चकचकीत टचस्क्रीन बसवलेला दिसला की ती घटना मला आजही आठवते. माणसं त्यावर गाणी लावतात, रस्ता शोधतात. माझं लक्ष आधी पडद्याच्या कडेच्या फटीकडे जातं. बायको म्हणते, "तुम्ही देवळातल्या घंटेवरसुद्धा संशय घ्याल." घेईन! शेवटी कोणी वाजवली ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. निवृत्तीच्या दिवशी टोपी आणि पट्टा जमा करता येतो, संशय जमा करून घ्यायला कुणी तयार नसतं.

मी तेव्हा मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा मी वैभववाडीकडचा, घाटाच्या पायथ्याचा. जिल्हा एकच, पण समुद्राकडच्या चालीरीती मला नोकरीतच कळल्या. त्यातली एक म्हणजे गावपळण. दर काही वर्षांनी ग्रामदेवाचा कौल होतो, ढोल वाजतो आणि अख्खं गाव शिवेबाहेर निघतं. गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी बरोबर. तीन दिवस, तीन रात्री सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या खडकाळ माळावर, झावळांच्या खोपी बांधून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. आत पाऊल टाकायचं नाही. घरं उघडी राहतात आणि चोरी होत नाही. हे ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. नंतर हसायचं सोडलं.

त्या वर्षीची गावपळण संपून गाव परत घरी गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना एक गृहस्थ ठाण्यात आले. त्यांनी एकाची कॉलर धरली होती. या गृहस्थांना गावात आबा म्हणत. आमच्याकडे दर दुसऱ्या घरात एक आबा असतो, तेव्हा नाव उघड झालं असं कुणी समजू नये. कॉलर ज्याची होती तो त्याच गावचा फिटर. शिवेपलीकडच्या बाजारात त्याचं गाड्यांच्या सामानाचं छोटं दुकान होतं.

"साहेब, माझ्या चेडवाचा सोना गेला! ह्येनाच नेल्यान!" आबांनी कॉलर आणखी आवळली. चेडू म्हणजे मुलगी.

मी आधी कॉलर सोडवली, मग पाणी दिलं. हकिकत अशी. आबांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरची जुनी गाडी तिच्यासाठी सजवायची म्हणून आबांनी आतला जुना कॅसेटवाला टेप काढून फिटरकडून टचस्क्रीन बसवून घेतला, मागे बघायला कॅमेराही लावला. जुना टेप खोल असायचा, हा नवा पडदा चपटा. त्यामुळे मागे वीतभर पोकळी राहिली. बसवताना फिटर हसत म्हणाला होता, "आबानू, हय घरातला सोना ठेवा होया तर." आबांनी ती थट्टा सल्ला म्हणून घेतली. गावपळणीत देवावर विश्वास, पण सड्यावर फिरणाऱ्या पर्यटकांवर नाही, म्हणून आईच्या पाटल्या आणि मुलीचे दागिने एका पिशवीत बांधून त्यांनी पडद्यामागे ठेवले. ठाऊक कुणाला? घरच्या माणसांना, म्हणजे आबांची बायको, मुलगी आणि धाकटा भाऊ.

गावपळण संपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे आबा सड्यावरच्या काजूच्या झाडाखालून गाडी मागे घ्यायला गेले तर पडदा काळाच राहिला. त्यांनी फिटरला बोलावलं. फिटरने पडदा ओढून काढला. कॅमेऱ्याची वायर सुटलेली आणि पिशवी गायब. आबांनी तिथेच त्याला धरला.

मी गुन्हा दाखल करून घेतला आणि गाडीचा पंचनामा केला. पंचनाम्यात एक गोष्ट नजरेत भरली. सुटलेली वायर पाहून फिटर कपाळाला आठ्या घालून स्वतःशीच पुटपुटला, "अशी कोण ठेयता वायर?" माझ्या मनात आलं, नाटक बरं करतोय. संशयाची हीच खोड. एकदा माणूस ठरला की त्याची शिंकसुद्धा पुराव्यात धरली जाते.

त्याच संध्याकाळी ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदार चहाला गेलेला, म्हणून मीच उचलला. पलीकडून दबका आवाज आला, "साहेब, गावपळणीच्या मधल्या दिशी, दुपारच्या येळाक तो फिटर खंय होतो, ता तेका इचारा." नाव विचारेपर्यंत फोन कटला. ठाण्यातला तो जुनाट फोन, नंबर दाखवणारा नव्हता.

मी फिटरला बोलावलं.

"मधल्या दिवशी दुपारी कुठे होतास?"

"दुकानात, साहेब. निजललंय."

आमच्या किनाऱ्यावर दुपारी बाजार झोपतो. दुकानदार शटर अर्धं ओढून आत आडवा होतो, औषधवालासुद्धा कुलूप लावून जेवायला घरी जातो. म्हणजे उत्तर बरोबर जमणारं होतं. पण समोर खानावळ चालवणाऱ्या बाईने जबाबात सांगितलं की त्या दुपारी शटरला बाहेरून कुलूप होतं. बाहेरून कुलूप लावून माणूस आत कसा झोपेल? मी हे फिटरच्या तोंडावर टाकलं. तो खाली मान घालून म्हणाला, "दुकानातच होतंय."

मी आवाज चढवला, गोडीत घेतलं, चहा पाजला. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मी म्हटलं, "बरं. ग्रामदेवाची शपथ घेऊन सांग, चोरी केलीस?"

त्याने क्षणाचाही विचार न करता हात पुढे केला. "देवाशपथ, सोन्याक मी हात लावक नाय."

"आता तीच शपथ घेऊन सांग, दुपारी दुकानात होतास."

हात अर्ध्यावर थांबला आणि मांडीवर आला. मी मनात म्हटलं, सापडलास लेका!

इकडे आबांच्या घरी रडारड होती. व्याह्यांच्या कानावर गोष्ट गेली होती. तिकडे फिटरच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेना. लोक दुसऱ्या गावातून गाडीचे दिवे बदलून आणू लागले, पण याच्या पायरीला पाय लावत नव्हते. चोर म्हणून नाव पडलं की लहान गावात तुरुंगाची गरज उरत नाही.

दुकानाचा पंचनामा करून मी त्याच्या घराची झडती घ्यायला गेलो. घरात तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. म्हातारीला दमा. झडतीत काही मिळालं नाही. मी ओटीवर बसलो, तिने पाणी आणि गूळ दिला. तिच्या कमरेच्या बटव्यातून दम्याचा पंप डोकावत होता. मी सहज बोलायला सुरुवात केली, कारण म्हाताऱ्या माणसांशी दुखण्यावर बोललं की ती मोकळी होतात.

"आये, खोपीत चुलीचा धूर. दम्याचं कसं केलंस तीन दिवस?"

"काय सांगा तुमका, साहेबानू! मधल्या दिशी तर जीवच चललो. पंप घराकच इसारललंय, झील धावत जावन..."

झील, म्हणजे मुलगा, हा शब्द सुटला आणि ती एकदम थांबली. पदराचा बोळा तोंडावर धरला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच खुनी आहे आणि तिच्या मुलावर कोयता उगारला आहे. मग म्हणाली, "नाय हो, बटव्यातच होतो. म्हाताऱ्या माणसाचा काय खरां धरतास?"

पाणी संपवलं आणि उठलो. पण जीपमध्ये बसल्यावर सगळं एकदम सरळ दिसलं. फिटर खोटं बोलत होता ते चोरीसाठी नव्हे. आईला धाप लागली, बाजारातला औषधवाला दुपारचा घरी गेलेला, सरकारी दवाखाना लांब, आणि घर शिवेच्या आत हाकेच्या अंतरावर. तो शीव ओलांडून गावात गेला होता. पोलिसांना तो खुशाल खोटं सांगत होता, देवाला सांगू शकत नव्हता.

आणि गावाला तर मुळीच नाही. उद्या कुणाची म्हैस मेली, कुणाचं जाळं रिकामं आलं, कुणाचं पोर आजारी पडलं की बोट याच्याकडे. ते पिढ्यानपिढ्या टिकतं. चोरीचा डाग वकील पुसतो, हा कोण पुसणार? त्याने हिशेब करून चोर होणं पत्करलं होतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. अरे मूर्खा, मला तरी सांगायचंस!

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. तो फोन करणारा! त्याने 'फिटरने चोरी केली' असं म्हटलं नव्हतं. 'खंय होतो ता इचारा' म्हटलं होतं. म्हणजे या प्रश्नाला फिटर उत्तर देऊच शकत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. हे कुणाला माहीत असेल? ज्याने त्याला आत पाहिलं त्यालाच. आणि आत पाहायला स्वतः आत असावं लागतं.

मी फिटरला परत बोलावलं. दार लावलं, लेखनिकाला बाहेर पाठवलं, पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"मी काही तुमच्या देवस्थानचा मानकरी नाही. तू आईसाठी कुठे गेलास ते मी लिहिणार नाही. आत कोण भेटलं, तेवढं सांग."

तो ढसाढसा रडला. मोठा बाप्या माणूस, नाक पुसायचंही भान नाही. मग म्हणाला, "आबांचो धाकटो भाव. गोठ्यातसून भायर येय होतो. हात मातयेन भरलले. माका बघून थयच थांबलो. आणि म्हणालो, 'तू माका बघूक नाय, मी तुका बघूक नाय.' बस, तितक्याच."

असा करार मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तरीही दोघेही बांधलेले. त्यातल्या एकाने तर वर मला फोन करून दुसऱ्याला अडकवला, कारण हा उलट बोलणार नाही याची त्याला खात्री!

धाकट्या भावाला मी साक्षीदार म्हणून जबाबाला बोलावलं. ऐटीत आला, खुर्चीत पसरून बसला. मी चहा मागवला. त्याचा अर्धा कप झाल्यावर विचारलं, "त्या दुपारी फिटर कुठे होता, ते विचारायला मला कुणीतरी सांगितलं. आता मी तुम्हाला विचारतो. तो दुकानात नव्हता हे तुम्हाला कुठे उभं राहून दिसलं?"

कप बशीवर वाजला.

"हे उत्तर दोन ठिकाणी देता येईल," मी म्हटलं. "इथे माझ्यासमोर, नाहीतर देवळात मानकऱ्यांसमोर. तुम्ही ठरवा."

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, चोरी मीच केलंय. लिवन घेवा. पण शिमेच्या भायर केलंय. मी शीम वलांडूक नाय, ह्यां पयला लिवा!"

गुन्हा कबूल करायला तयार, आणि हट्ट कसला, तर शिवेचा! गाडी शिवेबाहेर होती, तेव्हा चोरी बाहेरच झाली हे खरंच होतं. मोबाईल चार्ज करायच्या निमित्ताने गाडीत बसून त्याने पडदा उचकटला, घाईत कॅमेऱ्याची वायर उपटली. पिशवी लपवायला त्याला एकच जागा सुचली, जिथे तीन दिवस कुणी फिरकणार नाही अशी, गावातला घरचा गोठा. गोठ्यात आपण गावपळण संपल्यावर पुरलं, असं मात्र त्याने छातीठोक सांगितलं. मी ते त्याच्या शब्दांत लिहून घेतलं. पंचांसमोर त्याने गोठ्यातून पिशवी काढून दिली, मुद्देमाल जप्त झाला. त्या दुपारी शिवेच्या आत गेल्याबद्दल तो देवाला भिऊन गप्प राहिला, म्हणून फिटरचं आत जाणंही झाकलं गेलं.

"का केलंत?" मी विचारलं.

"आवशीच्या पाटल्ये, साहेब. तेंच्यात माझो वाटो नाय? आबान एका शब्दान इचारूक नाय, सगळा आपल्या चेडवाक घातल्यान." एवढं बोलून तोही रडला. आबांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे कोर्टाच्या परवानगीने दागिने ताब्यात मिळाले, लग्न झालं. भावांमध्ये काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. नवीन मुलं भेटायला येतात त्यांना मी सांगतो. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखणं सोपं आहे. तो काय लपवतो हे विचारण्याआधी तो कुणाला भितो हे शोधा. दरवेळी तो तुम्हालाच भीत असेल असं मानू नका. तेवढी आपली पत नसते.

मी निवृत्त झालो. पुढची गावपळण आली तेव्हा माझी जुनी गाडी घेऊन मुद्दाम सड्यावर गेलो. फिटरची खोप रस्त्याला लागूनच होती. म्हातारी दाराशी बसलेली, पंप या वेळी दोरीत ओवून गळ्यात बांधलेला. आजूबाजूच्या खोपीतली माणसं जमली, चहा झाला. गावचे एक वृद्ध मानकरी शेजारी येऊन टेकले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यांनी हळूच विचारलं, "साहेबानू, आता तुमी रिटायर झालास. सांगा बघया, त्या दुपारी हो फिटर खंय होतो, ता अखेर कळला काय तुमका?"

फिटर चुलीत लाकूड सारत होता, त्याचा हात तसाच राहिला. म्हातारीने गळ्यातला पंप मुठीत घट्ट धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"कळलं ना," मी म्हटलं. "दुकानातच झोपला होता. पुढे कुलूप लावून मागच्या दाराने आत गेला होता."

"अस्सां होय," मानकरी म्हणाले, आणि समाधानाने मान हलवून त्यांनी विडी पेटवली. म्हातारीने मला आणखी एक कप चहा दिला, साखर दुप्पट घालून.

त्या दुकानाला मागचं दार नाही. पंचनामा मीच केला होता.